थोरल्याचा नातू

थोरला एकोणिसाव्या वर्षी मेला आणि मेल्यावर बासष्ट वर्षांनी त्याला नातू झाला. तोही तान्हा वगैरे नव्हे, चांगला पस्तिशीचा, चष्मेवाला, शहरात स्वतःची गाडी असलेला नातू. शुक्रवारी सकाळी पोचतो म्हणून त्यानं कळवलंही होतं.

ही आनंदाची बातमी सूनबाईनं दुपारी जेवताना सांगितली. ऐकणारा म्हातारा थोरल्याचा धाकटा भाऊ. त्याला अख्खं गाव एक्केचाळीस म्हणायचं. ते त्याचं वय नव्हे, वयानं तो अठ्ठ्याहत्तरचा. दगडाच्या खाणीत त्याचा बिल्ला एक्केचाळीस नंबरचा होता, आणि खाण बंद पडून अठरा वर्षं झाली तरी नंबर काही बंद पडला नव्हता.

"मामंजी, ऐकताय ना? थोरल्या सासऱ्यांचा नातू सापडला."

"सापडला म्हणजे? हरवला होता का?"

"तुम्ही पण ना. थोरले सासरे शहरात गेले ते गेलेच. पुढं त्यांचं काय झालं, आपल्याला कुठं माहीत होतं? आता सगळं कळेल."

एक्केचाळीसला सगळं आधीच कळलेलं होतं. थोरल्याला पुरताना मामानं पायाकडून धरलं होतं आणि यानं डोक्याकडून. पण तोंडात घास होता, आणि बासष्ट वर्षांची सवयही होती, त्यामुळं तो नुसता "हं" म्हणाला आणि पाण्याचा पेला पुढं ओढला.

सूनबाई वाईट नव्हती. उलट फार चांगली होती, आणि चांगल्या माणसाच्या हाती काम लागलं की आजूबाजूच्यांची जी गत होते ती घरात सगळ्यांची झाली होती. उत्तरेच्या त्या थंड, डोंगराळ टोकाला माणसं थोडी आणि दगड फार. अलीकडं शहरातले लोक तिकडं आपल्या पूर्वजांच्या शोधात यायला लागले होते, आणि ज्यांचे पूर्वज तिथले नव्हते तेही यायला लागले होते. सूनबाई गावचं ग्रंथालय चालवायची. ग्रंथालय खाणीच्या जुन्या काटाघरात होतं, जिथं एके काळी दगडाच्या गाड्यांचं वजन व्हायचं. तिथंच तिनं वारसा मंडळ काढलं. मंडळाची अध्यक्ष ती, चिटणीस ती, आणि बैठकीला बहुतेक वेळा श्रोतेही तीच. तिचा एकच नियम होता: कागद असेल तर आहे, नसेल तर नाही. खाणीचे हजेरीपट, शाळेचे दाखले, घरांच्या पावत्या, सगळं तिनं धूळ झटकून कपाटात लावलं होतं. गावाच्या इतिहासावर एक पुस्तिका काढली होती. तिला जिल्ह्याचं बक्षीसही मिळालं होतं.

त्या पुस्तिकेत एक प्रकरण होतं, 'शहराकडे झेपावलेले'. खाणीच्या पन्नास वर्षांत गावातले अकरा तरुण नशीब काढायला शहरात गेले, असं त्यात पुराव्यानिशी दिलं होतं. इतक्या लहान गावातून इतकी उद्यमी माणसं निघाली याचं जिल्ह्याच्या परीक्षकांनी खास कौतुक केलं होतं. बक्षीस समारंभात पुढच्या रांगेत गावची म्हातारी मंडळी बसली होती. या प्रकरणातला उतारा वाचला गेला तेव्हा बाकी सभागृहानं टाळ्या वाजवल्या आणि म्हातारी मंडळी मांडीवर हात ठेवून बसून राहिली. सूनबाईला वाटलं, ऐकू कमी येतंय.

ऐकू चांगलं येत होतं. त्या अकरांपैकी एकानंही शहर बघितलेलं नव्हतं.

त्याचं असं होतं. खाणीत माणसाला नंबर होता आणि घर त्या नंबराला होतं. एक्केचाळीसचा बिल्ला सकाळच्या भोंग्याच्या आत काटाघराच्या खिळ्यावर लागला, तर एक्केचाळीसचं घर शाबूत. नाही लागला, तर नंबर यादीतल्या पुढच्या माणसाला, आणि आठ दिवसांत भांडीकुंडी रस्त्यावर. बिल्ला कोण लावतो याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. कंपनीचे साहेब दूर, दुसऱ्याच गावी बसायचे, आणि त्यांच्याकडं वर्षातून एकदा कागद जायचा: या साली अपघाती मृत्यू, शून्य. त्या शून्यासाठी मुकादमाचा सत्कार व्हायचा. तेव्हा घरातलं माणूस दगडाखाली गेलं की मुकादम त्याच संध्याकाळी दारात यायचा, टोपी काढून उभा राहायचा, त्यालाही खरंच वाईट वाटायचं, आणि म्हणायचा, "उद्या भोंग्याच्या आत बिल्ला वर आला, तर माझ्या लेखी कुणी गेलेलं नाही." म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग घरातला पुढचा उठायचा, आणि जो गेला तो 'शहरात गेला'.

आता शहरात गेलेल्या माणसासाठी रडता येत नाही. दार लावून बसता येत नाही. चूल बंद ठेवता येत नाही. पण गावाला डोळे होते, आणि काळीजही होतं. म्हणून बायका दुसऱ्या दिवशी नळावर येऊन विचारायच्या, "काय म्हणतोय तुमचा थोरला? पोचला का नीट?" तेच त्यांचं सांत्वन होतं. आणि आईला उत्तर द्यावं लागायचं, कारण मुकादमाची बायकोही त्याच नळावर असायची. "पोचला. खोली मिळाली म्हणतोय."

आईनं एकवीस वर्षं उत्तरं दिली. थोरल्याला आधी खोली मिळाली, मग छापखान्यात काम मिळालं, मग चष्मा लागला. दोनदा आजारी पडला आणि दोन्हीदा बरा झाला. पगार वाढला. एवढं सगळं आईनं त्याला दिलं, पण लग्न काही लावून दिलं नाही. बायका विचारायच्या, थोरल्याचं यंदा तरी बघताय की नाही? आई म्हणायची, "तो नाहीच म्हणतो बाई." आपण नसताना पोराचं लग्न व्हावं, हे तिला खोटंसुद्धा सहन होत नव्हतं.

आणि ज्याचं लग्न आईनं सात जन्मात लागू दिलं नाही, त्याचा नातू शुक्रवारच्या बसनं येत होता.

यात त्या नातवाचा काही दोष नव्हता. सूनबाईनं मंडळाच्या वेबसाइटवर घातलेल्या निवेदनात सगळं होतं: उत्तरेकडची दगडखाण, गाव सोडल्याचं साल, वय एकोणीस, शहरात छापखान्यात नोकरी, चष्मा. हे तिला कुठून मिळालं? सासूकडून. सासूला कुठून? आजेसासूकडून, नळावरून. त्या शहरात एका माणसाचा आजोबा उत्तरेच्या कुठल्याशा खाणीतून त्याच सुमाराला येऊन छापखान्याला लागलेला होता, चष्मा लावायचा, आणि गावाचं नाव मरेपर्यंत सांगायचा नाही. जुळलं की नाही? छत्तीस गुणांतले चौतीस जुळले. खोट्याला पुरावा खोट्यानंच दिला आणि पोरगा उभा राहिला.

संध्याकाळी एक्केचाळीस पाववालीकडं गेला. पाववालीची बेकरी आता तिचा भाचा चालवायचा, ती नुसती दाराशी बाकावर बसून गिऱ्हाइकांना टोमणे मारायची. वय ऐंशीच्या पुढं. तिचा नवरा लग्नानंतर सातव्या महिन्यात शहरात गेला होता. नंबर तेवीस. त्याच्या जागी दुसऱ्या सकाळी दीर वर गेला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "थोरल्याला नातू झाला. पेढे कुठायत?"

"चेष्टा करू नकोस. काय करू ते सांग. रविवारी भिंतीवर वंशावळ लावणार आहे सूनबाई. हयात नातलगाची सही लागते म्हणते. म्हणजे माझी."

"मग कर सही."

"अगं, तो मेलाय."

"मला सांगतोस? माझा नवरा त्याच दगडांच्या ढिगाशेजारी आहे." तिनं पदरानं नाक पुसलं. "एक्केचाळीस, फुकटचा नातू मिळतोय, घे गप. माझ्याला बघ, साठ-पासष्ट वर्षं झाली शहरात जाऊन, कुणी शोधायलासुद्धा येत नाही."

आणि ती हे गमतीनं बोलत नव्हती, हे एक्केचाळीसला दिसलं. तिला खरंच हेवा वाटत होता. त्याच आठवड्यात आणखी दोन म्हातारे सूनबाईला गाठून आपापल्या शहरात गेलेल्यांची वयं, खुणा, तीळ नोंदवून आले, काय सांगावं, लागला एखादा नातू तर लागला. म्हातारपणी माणूस कशाची आस धरेल याचा नेम नाही.

एक्केचाळीस घरी येताना हिशेबी विचार करत आला. सही न करावी तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर सूनबाईची पुस्तिका, बक्षीस, अकरा उद्यमी तरुण, सगळं कोसळणार. आणि सही करावी तर थोरला जिवंत होणार, दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोबरोबर संसार करणार, आणि ढिगाशेजारी कुणीच नसणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी तो पाववालीच्या बाजूला झुकला. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? उलट चार पोरंबाळं झाली बिचाऱ्याला. आयुष्यभर नाही मिळालं, मेल्यावर तरी मिळू दे. असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि त्याला दोन दिवस बरी झोप लागली.

नातू शुक्रवारी आला. बसमधून उतरला तो आधी शिंकला, मग त्यानं एक्केचाळीसचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडेचना. "धाकटे आजोबा," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. माणूस सरळ होता. एका विमा कचेरीत कामाला होता, दगडाच्या धुळीनं त्याला शिंका यायच्या, आणि दिसेल त्याचा फोटो काढायचा. काटाघराचा काढला, नळाचा काढला, बंद भोंग्याचा काढला.

"कान बघा," सूनबाई म्हणाली. "अगदी थोरल्या सासऱ्यांचे."

थोरल्याचा एकही फोटो नव्हता आणि सूनबाईचा जन्म थोरल्याच्या मरणानंतर दहा वर्षांनी झालेला. पण शेजारच्या दोघीतिघींनी कान बघितले आणि त्यांनाही ते पटलं. एक्केचाळीसनंही बघितले. कान होते. दोन होते.

जेवताना नातवानं त्याच्या आजोबांचं सगळं सांगितलं. अबोल होते. छापखान्यातून आले की हात घासून घासून धुवायचे. मुलांना कधी मारलं नाही. म्हातारपणी गुडघे गेले. एक्केचाळीस घास विसरून ऐकत होता. हा आपला थोरला नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण कुणीतरी थोरल्याचे गुडघे दुखवत होतं, त्याला म्हातारा करत होतं, आणि ते ऐकायला गोड लागत होतं. त्यानं विचारलंसुद्धा, "मग गुडघ्यांना काय केलं?" आणि विचारल्यावर स्वतःच दचकला.

शनिवारी दुपारी नातू म्हणाला, खाण बघू या. सूनबाई भिंतीच्या तयारीत होती, म्हणून दोघंच गेले. वर जायची वाट आता गवतानं भरली होती. खाणीच्या पायऱ्या समोर एकावर एक चढत गेलेल्या, खाली हिरवं पाणी साठलेलं. नातवानं चार फोटो काढले, दोनदा शिंकला, आणि मग मोबाइल खिशात ठेवून दिला.

"आजोबा, एक बोलायचं होतं. घरात सगळ्यांसमोर जमलं नाही."

"बोल."

"मी वंशावळीसाठी आलो नाही. म्हणजे त्यासाठीही आलोय. पण खरं म्हणजे मला माफी मागायची होती. त्यांच्या वतीनं." तो खाली पाण्याकडं बघत बोलत होता. "बाबा नेहमी म्हणायचे, ज्या माणसानं आपल्या आईला टाकलं त्याला मी बाप कसा म्हणू? शेवटपर्यंत त्यांचं जमलं नाही. आता तुमच्या सूनबाईंच्या पुस्तिकेत वाचलं. त्यांची आई पुढं एकवीस वर्षं जगली. नळावर सगळ्यांना सांगायची, माझा थोरला बरा आहे. आणि हे कधी चार ओळी लिहू शकले नाहीत, तिच्या शेवटालाही आले नाहीत. मला लाज वाटली हो. तुम्हीच सगळं केलंत, ते नुसते निघून गेले. माफ करा त्यांना."

एक्केचाळीसच्या तोंडात कुणी मारावं तसा तो उभा राहिला. थोरल्याला पोरं झाली, नातू झाला, गुडघे दुखले, इथवर ठीक होतं. पण हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरात पूर्वी कधी बोलणं निघालं की त्याची बाहेरगावहून आलेली बायको म्हणायची, काय बाई निष्ठुर माणूस. मुलगा म्हणायचा, काका असेल मोठा शहाणा, पण आईला विसरला. सूनबाईही तेच म्हणायची, जरा शुद्ध भाषेत. आणि तो स्वतः ऐकून घ्यायचा, कारण घर नंबरावर होतं, आणि घर नावावर झालं तोवर गप्प राहायची सवय झाली होती. थोरला आईचा इतका वेडा होता की पहिल्या पगारातून स्वतःला काही न घेता तिच्यासाठी लोकरीची शाल घेऊन आला, तीही पुरुषी मापाची, आणि आई ती दुहेरी घडी घालून वापरायची. त्या पोराला हे लोक आईला टाकणारा म्हणत होते, आणि उद्या तसं भिंतीवर लिहिणार होते, त्याची सही घेऊन.

"चल," तो एवढंच म्हणाला. "ऊन उतरलं."

तिथं सांगायचं होतं, पण पाय आधीच वाटेला लागले होते. नातवाला वाटलं, म्हाताऱ्यानं माफ केलं नाही. तो परतीच्या वाटेवर शिंकलासुद्धा हळू.

रविवारी अकराला कार्यक्रम होता. दहा वाजता काटाघरात चौघंच होते: सूनबाई, नातू, एक्केचाळीस, आणि पाववाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती पुढची खुर्ची धरायला लवकर आली होती. भिंतीवर कापडानं झाकलेली वंशावळ. टेबलावर कागद. सूनबाईनं चष्मा लावून वाचायला घेतलं.

"थोरले बंधू, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आपला बिल्ला धाकट्या भावाच्या हाती सोपवून शहराकडे रवाना. छापखान्यात नोकरी. पुढे विवाह, दोन अपत्ये. कामाच्या व्यापामुळे आईच्या अखेरच्या आजारातही ते गावी येऊ शकले नाहीत." तिनं वर बघितलं. "मी 'व्यापामुळे' घातलंय मामंजी. म्हणजे वाईट दिसायला नको. इथं सही करा."

एक्केचाळीसनं पेन घेतलं आणि परत ठेवलं.

"हे खोटं आहे."

"कुठलं? व्याप? काढून टाकते हवं तर."

"सगळंच. त्यानं बिल्ला माझ्या हाती दिला नाही. बिल्ला त्याच्या छातीवर होता. वरचा दगड सुटला तेव्हा त्याचा हूक वाकला. आईनं तो दगडानं ठोकून सरळ केला आणि सकाळी माझ्या सदऱ्याला लावला." तो हळू बोलत होता, जसं एखादं जड ओझं एकेक पायरी खाली उतरवावं. "दुपारचे चार वाजले होते. तिसरी पायरी. सुरुंग उशिरा उडाला. मी घरी होतो, मला हाक मारायला आले. संध्याकाळी मी आणि मामानं त्याला ओढ्यापलीकडं, टाकाऊ दगडांच्या ढिगाशेजारी ठेवला. तो शहरात गेला नाही. तो आईला सोडून कुठंच गेला नाही. तो एकोणीस वर्षांचा होता."

पाववाली भिंतीकडं बघत होती.

सूनबाईचा हात सवयीनं कपाटाकडं गेला. तिनं त्या सालचा हजेरीपट काढला, पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं. "पण मामंजी, इथं एकही खाडा नाही. एक्केचाळीस, हजर. दुसऱ्या दिवशीही हजर."

"तो मी."

"कागदावर..."

"कागदावर मी हजर आहे म्हणून तो मेलेला नाही. मी एक दिवस घरी बसलो असतो तर तुला कागद मिळाला असता. मी वर गेलो." आणि इथं म्हाताऱ्याचा आवाज फुटला. बासष्ट वर्षं कोंडलेलं रडू आलं, ते काही देखणं नव्हतं, नाक गळत होतं आणि हनुवटी थरथरत होती. "त्याच्यावरची माती ओली होती गं अजून, आणि मी त्याच्या जागेवर उभा राहून दगड फोडत होतो."

सूनबाई उभीच होती. तिनं हजेरीपट मिटला, परत उघडला. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सगळे विचारायचे, तो कसा आहे. कसा गेला, असं कुणी विचारलंच नाही."

"आणि बाकीचे? ते दहा?"

उत्तर पाववालीनं दिलं. "माझा नवरा पाचव्या पायरीला गेला. तारीख सांगते, लिहून घे. बाकीच्यांचंही सांगते, मला सगळ्यांचं पाठ आहे." मग जरा थांबून, "तुझ्या पुस्तिकेत फोटो बरे आलेत मात्र."

या सगळ्यात एक माणूस राहून गेला होता. नातू खुर्चीत बसल्या जागी लहान झाला होता. त्यानं हातातला जुना फोटो, छापखान्याच्या दारात उभा असलेला चष्मेवाला माणूस, उलटा करून मांडीवर ठेवला.

"मग माझे आजोबा कोण?" तो म्हणाला.

एक्केचाळीसनं डोळे पुसले. त्याला या पोराची फार कणव आली. दोन दिवस त्यानं थोरल्याला म्हातारपण दिलं होतं, हे काही थोडं नव्हतं.

"ते खरोखरच शहरात गेले असतील बाबा," तो म्हणाला. "जातातही लोक."

नातवानं मान हलवली. म्हणजे ती माफी खरी होती, फक्त पत्ता चुकला होता. उत्तरेत खाणी काय कमी आहेत? कुठल्या तरी नळावर कुणाची तरी आई खरंच वाट बघत बसली होती. तो उठला, पण गेला नाही. खुर्ची ओढून म्हाताऱ्याच्या शेजारी आणली आणि तिथं बसला.

तेवढ्यात सूनबाईनं काय केलं, तर टेबलावरचा कार्यक्रमाचा कागद पालथा केला, मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं, आणि तो बाहेर दाराला चिकटवून आली. मग तिनं खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. म्हाताऱ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वतः खाली जमिनीवर बसली. घरात माणूस गेलं की बायका बसतात तशी, भिंतीला पाठ लावून, काही न करता. तिला असं रिकामं बसलेलं एक्केचाळीसनं आजवर बघितलं नव्हतं.

पावणेअकराला शाळेचे हेडमास्तर आले. प्रमुख पाहुणे तेच होते, भाषण खिशात होतं. दार लावलेलं बघून त्यांनी कागद वाचला असावा, कारण कडी हळूच वाजली. सूनबाई उठून दार किलकिलं करून उभी राहिली. बोलणं आत ऐकू येत होतं.

"घरात मृत्यू झाल्यामुळे बंद, असं लिहिलंय. कोण गेलं?"

"थोरले सासरे."

"अरेरे. ते शहरात होते ना? कधी गेले?"

सूनबाईनं दारावरच्या कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

"आम्हाला आजच कळलं," ती म्हणाली.

हेडमास्तरांनी पायातले बूट काढले, आत आले, आणि एक्केचाळीसच्या समोर काही न विचारता बसून राहिले.